कारणाचा रकाना

टेबलावर चौदा वस्तू होत्या. पेन्सिली चार, त्यांतल्या तीन टोक केलेल्या. खोडरबर एक, कोरं. पाण्याची बाटली एक, भरलेली. पुस्तकं पाच, वह्या दोन. टेबललॅम्प एक, चालू. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ठेवलेली. आणि मुलगी नव्हती.

मंगळवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. परीक्षेला एकाहत्तर दिवस उरले होते.

आई दारात उभी राहून हे सगळं मोजत होती, कारण मोजणं हेच तिचं काम होतं. वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला एकोणीस वर्षं झाली होती. वाणसामानाच्या दुकानातले काटे, सोनारांचे तराजू, औषधकारखान्यांतली काचेच्या पेटीतली नाजूक यंत्रं, सगळं तिच्या हाताखालून जाई आणि तिची सही झाल्याशिवाय त्यातलं एकही पुन्हा कामाला लागत नसे. सहकारी तिला मिलिग्रॅमबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

मुलीला घरात खारू म्हणत. लहानपणी घास गालात साठवून बसायची, म्हणून. आता ती सतरा वर्षांची होती, शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि घास राहू दे, शब्दसुद्धा गालातच ठेवायची. निदान घरी तरी.

आईने लॅम्प बंद केला. हा लॅम्प तिने तीन दुकानं हिंडून आणला होता. उजेड पानावर पडावा, डोळ्यांत जाऊ नये, असा. खुर्चीची उंची खारूचे गुडघे मोजून ठरवली होती. फ्रिजवर तक्ता होता, त्यात झोपेचे तास, अभ्यासाचे तास, सरावपरीक्षांचे गुण, तिन्ही तीन रंगांत. आईने स्वतःचं मालिका बघणं सोडलं होतं, फोनवर हळू बोलायला लागली होती, आणि बाबांना तर घरात चपला न वाजवता चालायची तालीमच दिली होती. एवढं सगळं करून मुलगी कुठे? आत्याकडे. तीन गल्ल्या सोडून, सोफ्यांच्या कारखान्यात.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तिथे जुने सोफे उघडून नव्याने बांधायची. स्प्रिंगा, काथ्या, फोम, कापड, सगळं एकटीने. शाळेच्या शेवटच्या वर्षाची जी परीक्षा खारू देणार होती तीच परीक्षा आत्याने दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा ती आपटली होती. आई त्या परीक्षेत शाळेत पहिली आली होती. म्हणजे घरात या विषयावर दोन माणसं होती, एक पहिली आलेली आणि एक दोनदा नापास झालेली, आणि मुलीने निवडलं कोणाला, तर नापासाला. आईच्या पोटात दुखत होतं ते इथे.

सुरुवात झाली ती एका खुर्चीमुळे. सहामाहीत भौतिकशास्त्राच्या पेपरात खारूने निम्मी पानं कोरी सोडली होती. येत नव्हतं असं नाही. हात हलेना, एवढंच तिने सांगितलं. त्यानंतर आठवडाभर ती सकाळी पोट धरून बसायची. अशात स्वयंपाकघरातली एक खुर्ची फाटली, आईने ती खारूबरोबर आत्याकडे पाठवली, आणि खुर्ची दोन दिवसांत परत आली पण खारू रोज जायला लागली. आजचा एकोणिसावा दिवस.

साडेसातला ती घरी आली. बाहीला लाल दोरा चिकटलेला, अंगाला फोम चिकटवायच्या डिंकाचा वास, आणि चेहरा असा की वाटेत कोणी विनोद सांगितलाय आणि तो अजून संपलेला नाही.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही," खारू म्हणाली, आणि विनोद संपला.

जेवताना आईने तिला आज काय वाचलं ते विचारलं. खारूने घास गिळला आणि सांगायला लागली, की बंद भांड्यातला वायू तापवला तर त्याचा दाब किती वाढेल ते तिने काढलं, उत्तर आलं तीन. आई म्हणाली, "तीन काय? एकक?" खारू थांबली. मग म्हणाली, असू दे. हे 'असू दे' आत्याचं होतं. तोच सूर, तोच हात हलवणं.

तो लाल दोरा आईने खारूच्या बाहीवरून काढून रुमालात ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कोणी नसताना, तिने तो चिमट्याने उचलून काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवला आणि दार लावून आकडा स्थिर व्हायची वाट बघितली. लांबी चार सेंटिमीटर, वजन तीन पूर्णांक सहा दशांश मिलिग्रॅम. आपण हे का करतोय ते तिला कळेना. पण आकडा तिने लिहून ठेवला.

गुरुवारी ती लवकर सुटली आणि कारखान्यासमोरच्या बसथांब्यावर बसली. चार बसगाड्या तिने सोडल्या. पाचव्या गाडीचा चालक ओळखीचं हसून पुढे गेला. समोर उघड्या दारातून सगळं दिसत होतं. आत्या एका उलट्या टाकलेल्या सोफ्यावर वाकलेली, पाठ खारूकडे. आणि खारू चालत होती. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, हात हलवत बोलत होती. मध्येच थांबायची, भिंतीला टेकवलेल्या फळीवर खडूने काहीतरी लिहायची, पुन्हा चालायची. आत्याने एकदा मागे वळून मान हलवली. तेवढंच. खारूने कपाळावर हात मारला, हसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ट्रकच्या आवाजात शब्द एकही ऐकू आला नाही. आईने घड्याळ बघितलं. खारू सलग बावीस मिनिटं बोलली होती. घरी ती दिवसभरात किती बोलते ते आईने मनात मोजलं, आणि उठून घरी आली.

"तुझी बहीण तिला काय चारते कोण जाणे," ती बाबांना म्हणाली.

बाबा लिफ्टदुरुस्ती करायचे. ते म्हणाले, "मला मध्ये घेऊ नकोस. दोन मजल्यांच्या मध्ये अडकण्याचा अनुभव मला आहे, तिथे हवा कमी असते."

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला आईने विषय काढला. ती चिडून बोलली नाही. चिडून बोललेलं खारू ऐकायची नाही, पण आकड्यांचं ऐकायची; या घरात आईचा काटा शेवटचा मानला जाई. तिने सुचवलं की आपण तुलना करू. दोन आठवडे. सोमवार, बुधवार, शुक्रवार घरी अभ्यास. मंगळवार, गुरुवार, शनिवार आत्याकडे. रोज संध्याकाळी साडेसातला चाळीस गुणांचा एक सरावपेपर, एक तासाचा, घरी. बारा दिवस, बारा पेपर. जिथे गुण जास्त पडतील तिथे बसायचं. त्यानंतर वाद नाही.

खारूने पाण्याचा पेला रिकामा केला. मग म्हणाली, चालेल. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि आईला तेच झोंबलं. पोरीला खात्रीच होती.

पेपर निवडायचं काम आईकडे आलं, कारण दुसऱ्या कोणाच्या ते मनातही येणं शक्य नव्हतं. तिच्याकडे वेगवेगळ्या शाळांचे जुने सरावपेपर होते, पन्नासेक. त्यातले बारा काढून ते चिठ्ठ्या टाकून दिवसांना वाटायला हवे होते. नवीन आलेल्या मुलामुलींना ती हेच शिकवायची की माणूस निवडतो तेव्हा त्याच्या नकळत हातच हवं ते निवडतो, म्हणून निवडायचं नाही, चिठ्ठी टाकायची. रविवारी दुपारी ती पेपर घेऊन बसली. बारा काढले. वाचले. सोपे एका बाजूला, अवघड एका बाजूला, फक्त बघण्यासाठी म्हणून. सहा आणि सहा पडले. मग ते दोन गठ्ठे तिच्यासमोर बराच वेळ पडून राहिले. तिने चिठ्ठ्यांसाठी कागदाचे बारा तुकडेही फाडले.

शेवटी तिने अवघड गठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलं, मंगळ, गुरु, शनि. कागदाचे तुकडे गोळा करून कचऱ्यात टाकले. एकोणीस वर्षांत तिने एका आकड्याला कधी बोट लावलं नव्हतं. तिला वाटलं होतं, त्याला काहीतरी धाडस लागत असेल. काही लागलं नाही. हात स्वच्छ धुतल्यासारखे हलके वाटले.

निकाल तिने आलेखावर काढला. घरचे गुण एकतीस, तेहेतीस, तीस, चौतीस, बत्तीस, बत्तीस. सरासरी बत्तीस. आत्याकडचे चोवीस, एकवीस, पंचवीस, एकोणीस, बावीस, एकवीस. सरासरी बावीस. दोन रेघा एकमेकींना कुठेच शिवत नव्हत्या. प्रयोगशाळेत असा स्वच्छ आलेख कोणी आणून दिला असता तर तिला पहिली शंका तिथेच आली असती.

खारूने आलेख हातात घेतला. दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. "माझा फोटो काढू दे याचा," म्हणाली, "आत्याला दाखवते." दुसऱ्या दिवशी जाऊन दाखवून आली. पाच मिनिटांत आली. त्यानंतर गेली नाही.

आई जिंकली होती. संध्याकाळी सहा वाजता खुर्चीत मुलगी होती, लॅम्पचा उजेड पानावर पडत होता, बाटली भरलेली होती. आई दर वीस मिनिटांनी काही ना काही निमित्ताने आत जायची. फळं कापून न्यायची. खारूच्या खांद्यावरून वहीत बघायची. पान तेच असायचं. बाहीला दोरा नव्हता. तिला वाटलं होतं की पोटातलं ते दुखणं आता जाईल, पण ते नुसतं कूस बदलून बसलं. आता ती आत्याऐवजी त्या बसथांब्यावरून बघितलेल्या मुलीचा हेवा करत होती, त्या बावीस मिनिटांच्या मुलीचा, जी तिच्या घरी कधी आलीच नव्हती.

सकाळचं पोट धरणं परत सुरू झालं. बाबांनी एकदा विचारलं, बत्तीस सरासरीची मुलगी अशी दिसते का? आई म्हणाली, ताण असतो या वर्षी. बाबा चपला न वाजवता निघून गेले.

गुरुवारी, परीक्षेला अठ्ठेचाळीस दिवस असताना, आई कापलेलं सफरचंद घेऊन आत गेली. मागच्या तीन दिवसांत तिने सात वेळा असंच काहीतरी आत नेलं होतं आणि सातही वेळा बशी तशीच बाहेर आणली होती. खारू पुस्तकाकडे बघत होती, वाचत नव्हती.

"कळत नाहीये का काही?" आईने विचारलं. "सांग, मी सांगते."

"कळतंय असं वाटतंय," खारू म्हणाली.

"मग?"

"मग काय. आत्याकडेही कळतंय असंच वाटायचं. एकदम लख्ख. तिथून निघताना वाटायचं, आज कोणीही काहीही विचारू दे. आणि गुण पडायचे एकोणीस." तिने पुस्तक मिटलं. "म्हणजे मला जेव्हा कळल्यासारखं वाटतं तेव्हा कळलेलं नसतंच. मग आता हे वाचून कळलं असं वाटलं तरी मी कसं समजू, की कळलंय?"

आईच्या हातात बशी होती. सफरचंदाच्या आठ फोडी. तिने त्या मोजल्या आणि पुन्हा मोजल्या.

हे तिला माहीत होतं. याला तिच्या धंद्यात नाव नव्हतं, पण याची भीती प्रत्येकाला होती. तपासणीचं मूळ वजनच खोटं असलं की त्यावर तपासलेला प्रत्येक काटा बिघडतो. काटा चांगला असतो, पण तुम्ही त्याला पटवून देता की तू चुकतोस, आणि स्क्रू फिरवून चुकीचा करून परत पाठवता. तो मग बाहेर जाऊन प्रामाणिकपणे खोटं सांगत राहतो.

तिला तिथेच सांगता आलं असतं. पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, की खाऊन घे.

शुक्रवारी सुटल्यावर ती कारखान्यात गेली. बसथांब्यावर न थांबता सरळ आत. आत्या गुडघ्यांवर बसून एका खुर्चीच्या पाठीला कापड ठोकत होती. तिने वहिनीला बघितलं, भुवया वर केल्या आणि बोटाने थांब असं सांगितलं. मग आईने बघितलं ते असं: आत्याने जिभेने एक बारीक खिळा ओठांत पुढे आणला, हातोडीचं टोक ओठांना लावलं, खिळा टोकाला चिकटून बाहेर आला, आणि एका ठोक्यात कापडात गेला. हातोडीचं एक टोक चुंबकाचं होतं. पुन्हा ओठ, पुन्हा ठोका. कापड ताणायला एक हात लागतो, ठोकायला एक. खिळे धरायला तिसरा हात नसतो, म्हणून तोंड.

रांग संपल्यावर आत्याने उरलेले खिळे तळहातावर काढले.

"बस, वहिनी. त्या निळ्यावर नको, त्याच्या स्प्रिंगा बाहेर आहेत."

आई बसली नाही. तिने विचारलं, आणि विचारताना स्वतःच्या आवाजातली जळजळ तिला स्वतःला ऐकू आली, की तू तिला इथे नक्की शिकवायचीस काय?

आत्याने खिळे मुठीत घेतले. "मी?" म्हणाली. "माझ्या तोंडात खिळे असतात गं. मी काय शिकवणार?"

"मग ती एवढं काय बोलायची?"

"तिचं तीच. आणि मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, हेही खरंच. ती विचारायची, आत्या, कळलं? मी मान हलवायची, नाही. मग परत सांगायची. परत नाही. तिसऱ्यांदा सांगताना कुठे अडलंय ते तिचं तिलाच सापडायचं, मग कपाळावर हात मारून घ्यायची." आत्याने खिळे वाटीत टाकले. "पण तो तुझा आलेख बघितला मी. बावीस. तेव्हा म्हटलं, जाऊ दे. दोनदा नापास झालेल्या बाईजवळ बसवलं तर दुसरं काय होणार. माझंच काहीतरी तिला लागत असेल. मीच सांगितलं तिला, येऊ नकोस."

ती हे तक्रारीसारखं बोलली नाही. आज पाऊण मीटर कापड कमी पडलं, असं सांगावं तसं बोलली. आईला त्या क्षणीही तिचा हेवा वाटला. एवढं कोणाला सहज सोडता येतं, याचा.

"पेपर मी निवडले होते," आई म्हणाली. "तुझ्या दिवशी सगळे अवघड. माझ्या दिवशी सोपे. मुद्दाम."

आत्याने हातोडी खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली.

"मुद्दाम," ती म्हणाली.

"हो."

"तू."

"हो."

आत्या हसेल असं आईला एक क्षणभर वाटलं, रडेल असंही. तिने दोन्ही केलं नाही. "हे मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "ज्याचं वजन चुकवलंस त्याला जाऊन सांग." आणि मूठभर खिळे तोंडात टाकून तिने पाठ वळवली, म्हणजे बोलणं संपलं.

प्रयोगशाळेत चुकीचं प्रमाणपत्र गेलं तर ते मागे घ्यायची एक रीत होती. नुसतं चुकलं म्हणून चालत नसे. एक छापील अर्ज असे, त्यात मूळ प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख, कोणते आकडे अविश्वसनीय, चूक कोणाची, आणि शेवटी 'कारण' असा एक मोठा रकाना. लोक त्यात वाट्टेल ते भरायचे. खोलीचं तापमान, वीजपुरवठा, काटा हलवताना बसलेला धक्का. आईने आजवर तो अर्ज दुसऱ्यांसाठी तपासला होता, स्वतःसाठी कधी भरला नव्हता.

शनिवारी सकाळी तिने तो भरला. बारा पेपर, बारा तारखा. अविश्वसनीय आकडे: सर्व. चूक: आई. कारणाच्या रकान्यात तिने आधी 'निवडीतील दोष' लिहिलं आणि खोडलं. मग 'काळजी' लिहिलं. ते बराच वेळ बघितलं. खरं दिसत होतं, पण काट्यावर टिकलं नसतं. तेही खोडलं. मग एक शब्द लिहून सही केली आणि खारूच्या टेबलावर, खोडरबराच्या शेजारी, अर्ज ठेवला.

खारूने तो उभ्यानेच वाचला. आई दारात होती.

"कारणात एकच शब्द?" खारूने विचारलं.

"तेवढाच आहे."

"मत्सर." खारूने तो मोठ्याने वाचला, एखाद्या परक्या विषयाच्या पुस्तकातला वाचावा तसा. "आत्याचा?"

"आत्याचा. तू तिच्याशी बोलतेस त्याचा."

खारूने कागदाच्या चार घड्या केल्या. मग ती जे बोलली ते आवाज न चढवता बोलली. "मी वेडी व्हायला आले होते, आई. मला वाटलं माझं डोकंच बिघडलंय." तिने दार लावून घेतलं. आदळलं नाही, लावलं. आईला आदळलेलं परवडलं असतं.

शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. खारू शाळेतून, सुट्टी असली तर घरून, परस्पर आत्याकडे जायची, साडेसातला यायची, जेवायची, ताट उचलायची. त्या कागदानंतर आईशी बोललेले शब्द चार दिवसांत अकरा. सोमवारी आईने फ्रिजवरचा तक्ता काढला. मागे चौकोनी पांढरा डाग उरला होता. बाबा पाणी घ्यायला आले, त्या डागाकडे बघून म्हणाले, फ्रिज एकदम मोठा दिसायला लागला. मंगळवारी सकाळी खारूने पोळीचा तुकडा मोडला आणि पोट न धरता खाल्ला. आईने तेवढं मोजलं.

बुधवारी, परीक्षेला बेचाळीस दिवस असताना, खारू दप्तर घेऊन दाराशी थांबली.

"आज लवकर सुटशील?" तिने पाठमोरी असतानाच विचारलं.

"सुटेन. का?"

"तिकडे ये. मला सहामाहीत सुटलेला धडा सांगायचाय, चुंबक आणि तारेचा. आत्याला तीनदा सांगून झालाय. आता कोणीतरी असं हवं ज्याला तो येतो." मग वळून म्हणाली, "पण बोलायचं नाही. एक शब्दही नाही. तुला जमणार नाही म्हणा."

"जमेल."

"बघू," खारू म्हणाली. तेही आत्याचंच होतं, आणि आईला तेही टोचलं.

पावणेसहाला ती कारखान्यात पोचली. आत्याने तिला वर-खाली बघितलं, एक छोटा चौरंगासारखा स्टूल पायाने पुढे सरकवला, हातात दुसरी हातोडी दिली आणि एका खुर्चीच्या पाठीच्या चौकटीकडे बोट दाखवलं.

"मला ठोकता येत नाही," आई म्हणाली.

"ठोकायचं कुठे म्हणते मी? हातोडी नुसती धर, सवय नसली की हात चुळबुळतात." आत्याने वाटी पुढे केली. "हे घे. नऊ घे, पहिल्या दिवशी तेवढे पुष्कळ. धुतलेले आहेत. जिभेखाली नको, गालात ठेव. आणि गिळू नकोस, पुढच्या सोफ्याला लागतात."

खारू फळीपाशी उभी होती. तिच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. आईने नऊ खिळे मोजून गालात ठेवले. लोखंडाची चव, थोडी आंबट. आत्याने स्वतःचे तोंडात टाकले आणि पाठ वळवली. दोघी आपापल्या गालांत खिळे धरून बसल्या.

खारूने सुरुवात केली. आत्याची चुंबकाची हातोडी तिने मागून घेतली होती, तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणलं होतं, आणि ती चालायला लागली. चुंबक नुसता तारेत ठेवला तर काही होत नाही, ती म्हणाली. तो हलला पाहिजे. जितका भराभर हलेल तितकी वीज जास्त. आईला पुढची दोन वाक्यं माहीत होती आणि ती अधिक नेटकी कशी करता येतील तेही माहीत होतं. तिने खिळे गालात दाबले. मग खारूने फळीवर एक उदाहरण घेतलं, सहाशे वेढ्यांचं, गुणाकार केला आणि उत्तर लिहिलं. बारा. आणि रेघ मारून पुढे गेली.

बारा काय? आईचे ओठ उघडले. एक खिळा पुढे आला, ओठांना टोचला. तिने तो जिभेने परत आत ओढला. हातोडीची मूठ घट्ट धरली. आत्या मागे न वळता साध्या हातोडीने ठोकत होती. खारू बोलत होती, वेगळ्याच बाजूने, विजेची दिशा कोणती ते सांगत होती, आणि फळीवर तो बारा तसाच उघडा उभा होता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं किती खिळ्याचं होतं, ते तिला सांगता आलं नसतं.

मग खारू फळीकडे परत आली, कशाला तरी. थांबली. "बारा काय?" असं स्वतःशीच म्हणाली, कपाळावर हात मारला, आणि पुढे लिहिलं, व्होल्ट. वळून आत्याकडे बघून हसली. मग, थोड्या वेळाने, आईकडे.

"कळलं?" तिने विचारलं.

आईने मान हलवली. हो.

आईने खिळे तळहातावर काढून घड्याळ बघितलं. धडा सदतीस मिनिटांचा झाला. एकक एकोणिसाव्या मिनिटाला सुटलं, तेविसाव्या मिनिटाला लिहिलं गेलं. खिळे नऊ.